गेटबाहेर गेलेलं ताट

नाना, काल खंडेनवमी झाली. आमच्याही कंपनीत मशीनची पूजा झाली, नारळ फुटले, पेढे वाटले, आणि फोटो तर इतके काढले की लग्नातसुद्धा काढत नाहीत. गेटवर आता युनियनचा झेंडा नाही. एका पुढाऱ्याचा फ्लेक्स आहे, हात जोडलेला, वर दसऱ्याच्या शुभेच्छा आणि खाली रोजगार मेळाव्याची जाहिरात. तुम्ही म्हणाला असतात, 'मेळावेच भरवा लेको.' कामगार कायदेही बदललेत. टीव्हीवर एक जण सांगतो कामगाराचं भलं झालं, दुसरा सांगतो वाटोळं झालं. मी दोघांचंही ऐकून घेते आणि सोमवारी ऑफिसात जाऊन ब्रेकची यादी काढते. कंत्राटी माणसाचे सलग महिने भरत आले की त्याला थोडे दिवस घरी बसवायचं आणि मग नवा म्हणून परत घ्यायचं, म्हणजे परमनंट करा म्हणायला त्याला तोंड राहत नाही. यादीवर सही माझी असते.

मी चौथीत असताना तुम्ही मला सातपूरच्या तुमच्या कंपनीत पूजेला नेलं होतं. नवा फ्रॉक, केसांत झेंडू, आणि सगळीकडे रॉकेलचा वास, कारण सकाळपासून तुम्ही सगळे मशीन पुसत होतात. तुमच्या लेथला कुंकू लावून झालं. शेजारचा लेथ बंद होता, त्यावर धूळ होती. मला वाईट वाटलं म्हणून मी त्यावर फूल ठेवायला गेले, तर तुम्ही माझा हात धरलात. "हात लावू नको. त्याचा माणूस बाहेर उभा हाय." तो माणूस तुमचा जोडीदार, युनियनच्या कामापायी सस्पेंड झालेला. तुम्ही फडकं घेतलंत, तो लेथ लखलखीत पुसलात आणि पूजेचं ताट उचलून सरळ गेटकडे निघालात. मी मागे पळतेय. सुपरवायझर म्हणतोय, "अहो, साहेब बघतायत." तुम्ही म्हणताय, "बघू द्या की. पूजाच चाललीय, चोरी नाय." गेटच्या गजांतून त्या माणसाने ताटातल्या कुंकवाला बोट लावलं, आपल्या हाताने ताटात फूल ठेवलं, आणि तेच ताट घेऊन तुम्ही परत आत त्याच्या लेथपाशी आलात. दसऱ्यानंतर तुम्हाला मेमो मिळाला. तो तुम्ही आईला वाचून दाखवलात आणि हसलात. आई हसली नाही.

पुढे मी लेबर वेलफेअरचा कोर्स केला आणि अंबडला नोकरी लागली, तेव्हा तुम्ही गल्लीभर पेढे वाटलेत. "आता ऑफिसात आपलं माणूस हाय," असं ज्याला त्याला सांगत सुटला होतात. मला तेव्हा त्याची लाज वाटायची.

यंदा यादीत दिंडोरीकडची एक बाई होती. चार वर्षं एकाच प्रेसवर काम करतेय, कागदावर मात्र दर खेपेला नवी. ती माझ्या केबिनमध्ये आली. बसा म्हटलं तरी बसली नाही. "मॅडम, ब्रेक द्या, माझं काय म्हणणं नाय. फक्त खंडेनवमीला घटकाभर आत येऊ द्या. त्या मशीनला कुंकू मीच लावते दरवर्षी." मी म्हणाले, "अहो, मला कळतंय. पण वरून ऑर्डर आहे, ब्रेकवाल्यांना आत घ्यायचं नाही. मी तरी काय करणार?" मशीनजवळ तिचा फोटो निघाला तर ती कामावरच होती असा पुरावा होईल, हे माझ्या डोक्यात लगेच आलं होतं. डोकं त्याच कामाला लागलंय आता. ती "बरं" म्हणाली आणि गेली. नाना, ती भांडली असती तर बरं झालं असतं, खरंच.

तरी काल ती आलीच. वॉचमनचा फोन आला, "मॅडम, एक बाई फुलं घेऊन उभी हाय." मी म्हटलं, थांबू दे, जाईल. माझ्या खिडकीतून गेट दिसतं. ती नवी साडी नेसून आली होती, हातात झेंडूची पिशवी. आत तिच्या प्रेसला सुपरवायझरने कुंकू लावलं आणि टाळ्या पडल्या. आरतीचं ताट माझ्या टेबलावर फिरत आलं. मी पेढा उचलला आणि ताट पुढे दिलं. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं तर ती नव्हती. वॉचमन पिशवी घेऊन वर आला. "मशीनला घाला म्हणाली." प्रेस माझ्या केबिनपासून पन्नास पावलंही लांब नाही. पिशवी अजून माझ्या टेबलावरच आहे.

आज दसरा, सुट्टी आहे. घरात जिलबी आणलीय आणि मी हे लिहीत बसलेय. धाडायचं कुठे हा प्रश्नच नाही, आणि तुम्ही असतात तर लिहिलंही नसतं. मी तुमच्यासमोर बसून काखा वर केल्या असत्या, वरून ऑर्डर होती म्हणून सांगितलं असतं, आणि तुम्ही ते खरं मानलं असतंत. नाना, वरून काही ऑर्डर नव्हती. मी कुणाला विचारलंच नव्हतं. व्हिजिटर पासचं पुस्तक माझ्याच ड्रॉवरमध्ये असतं.