एक तरी उणीव

२ एप्रिल, बुधवार

नागपूरहून लखनौला पोचलो. गाडी फक्त चाळीस मिनिटं उशिरा आली, म्हणजे वेळेवरच म्हणायची. कमलाआत्या स्टेशनवर घ्यायला आली होती. मी नको म्हणत असताना तिने माझी एक बॅग उचललीच आणि हमालाशी हिंदीत असा काही वाद घातला की तो बिचारा निघूनच गेला. चोपन्न वर्षांची बाई, पण चालताना मलाच धाप लागली.

आई गेली तेव्हा मी पाचवीत होतो. आत्याने मला वाढवलं आणि माझी दहावी होईपर्यंत स्वतःचं लग्न लांबवलं. मग लग्न करून ती इकडे आली. चार वर्षांपूर्वी तिचे यजमान वारले, तेव्हापासून तेलीबागच्या या घरात एकटीच आहे. विमा ऑफिसातली माझी बदली लखनौला झाली हे कळल्यावर ती फोनवर चक्क रडली होती. मला वरची खोली दिली आहे. जिना उभाच्या उभा आहे, अठरा पायऱ्यांचा, पण आत्या दिवसातून दहा वेळा चढते-उतरते. खाली भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांचा फोटो आणि खिडकीशी तिचं शिवणाचं मशीन.

जेवायला पाटवडीचा रस्सा होता. मी फार खूश आहे.

रात्री आत्याला माझी यादी दाखवली. चारशे बारा जपानी ॲनिमे मालिका, प्रत्येकीला गुण दिलेले. दहापैकी साडेआठच्या वर आजवर कुणाला दिलेले नाहीत. ती म्हणाली, एवढे कार्टून बघतोस आणि एकही पूर्ण आवडलं नाही काहून? तिला काय सांगणार!

६ एप्रिल, रविवार

ऑफिसातला यश मला अलीगंजला घेऊन गेला. तिथे एका कोचिंग क्लासच्या वरच्या खोलीत दर रविवारी तीन वाजता ॲनिमेवाल्यांचा अड्डा भरतो. खोली अनीशची. तो खाली मुलांना गणित शिकवतो. तिसरी दीप्ती. वडील एअरफोर्समध्ये, मूळचे साताऱ्याचे. मी मराठीत बोललो की तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत.

माणसं वाईट नाहीत, पण अक्कल नावालाही नाही. हिंदी डबिंग बघतात! तलवार उपसली की यश म्हणतो, ‘आग लगा दी भाई.’ नायिका रडली की दीप्तीचेही डोळे भरून येतात. अनीशच्या मते जगात दोनच प्रकारच्या मालिका असतात, मस्त आणि ज़बरदस्त. हे सगळं तो एका लांबट रजिस्टरात लिहून ठेवतो आणि त्याला ‘राय’, म्हणजे मत, म्हणतो. मी दोन पानं वाचली आणि हसू आवरेना.

शेवटी चाळीस मिनिटं त्यांना झाडलं. मत म्हणजे टाळ्या नव्हेत, मत म्हणजे उणीव दिसणं. आणि चांगल्या मालिकेला माणूस मारायची वेळ कळते, असंही सांगितलं. मग मीच नियम करून दिला. दर रविवारी पाळीपाळीने एकाने त्या भागातली एक तरी उणीव सांगायची, ती रजिस्टरात उतरवायची, आणि लिहिलेलं खोडायचं नाही. अनीशने पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: बिना कमी बताए तारीफ़ नहीं. नावं ठेवायची मुभा मिळाल्यावर कोण नाही म्हणणार! सगळे एकदम खुलले.

१३ एप्रिल, रविवार

आज एक नवीन मालिका सुरू केली. फाइल कुठून आली ते कुणालाच नीट ठाऊक नाही. यशला वाटलं अनीशने आणली, अनीशला वाटलं दीप्तीने. नाव नाही, श्रेयनामावली नाही, आवाज हिंदी. एक बाई घरात एकटी राहते. कुंड्यांना पाणी घालते, मशीनवर शिवते, स्वतःशी गुणगुणते, शेजारणीबरोबर चहा पिते. संपलं. चित्रं मात्र हाताने काढलेली, आणि सुईत दोरा ओवणारे हात इतके सुंदर की मी तेवढं मागे नेऊन पुन्हा लावायला सांगितलं. पण चेहरा नेहमीचाच. जपानी चित्रकारांना बाई सोळाची असो की साठची, डोळे बशीएवढेच काढायचे असतात.

पहिली पाळी माझी. मी सांगितलं, या बाईला काही दुखत नाही, खुपत नाही. जिला कसलाच त्रास नाही तिच्याकडे अर्धा तास का म्हणून बघायचं? अनीशने लिहून घेतलं. नियम कसा चालवायचा ते आज त्यांना कळलं असावं.

१४ एप्रिल, सोमवार

आत्या पांढरी साडी नेसून जयंतीच्या मिरवणुकीला गेली. मला चल म्हणाली, पण मला एक मालिका संपवायची होती. दुपारी परतली ती लंगडत. उजवा गुडघा अचानक धरला म्हणे. तिने हसून सोडून दिलं, तेल चोळलं. जिना मात्र चढली नाही.

२० एप्रिल, रविवार

दुसरा भाग. बाई पांढरी साडी नेसते, निळ्या झेंड्यांच्या गर्दीतून चालते, मध्येच गुडघा धरून खाली बसते.

मला जरा चमत्कारिक वाटलं. पण १४ एप्रिलला पांढरी साडी नेसणाऱ्या बाया देशात लाखांनी असतील आणि चोपन्नाव्या वर्षी गुडघा कुणाचाही धरतो. एखाद्या होतकरू पोराने घरबसल्या काढलेली मालिका असणार. जपानी तर नक्कीच नाही, हे मी त्या तिघांना सांगितलं, पण त्यांना त्याचं काही नाही. पूर्वी ज्यांना मस्त आणि ज़बरदस्त याखेरीज शब्द माहीत नव्हता, ते आता माझ्याच तोंडचे शब्द मलाच ऐकवतात. ‘पेसिंग’, ‘कॅरेक्टर’, ‘फालतू सीन’. ऐकून कीव आली.

पाळी यशची होती. त्याचं म्हणणं, ती शेजारीण कशाला हवी? एकटी बाई म्हणजे एकटीच दाखवा. लिहिलं गेलं.

२३ एप्रिल, बुधवार

शेजारच्या शुभदाकाकू निघाल्या. नवरा आर्मीत, बदलीचा हुकूम सोमवारी आला आणि आज ट्रक दारात. अकरा वर्षं त्या आणि आत्या रोज चारचा चहा एकत्र घेत होत्या. आत्या ट्रक दिसेनासा होईपर्यंत फाटकाशी उभी राहिली, मग आत येऊन एकटीने चहा प्यायली.

मी तिच्याजवळ बसायला हवं होतं. बसलो नाही. रात्री जेवताना वांग्यात मीठ कमी आहे म्हणालो.

यशचं वाक्य डोक्यातून जात नाही.

२७ एप्रिल, रविवार

तिसरा भाग. ट्रक, फाटक, चहाचा एकच कप. मग पडद्यावर भाचा आला. दाढी वाढलेली, चेक्सचा शर्ट, जेवताना नजर फोनमध्ये. वांग्याचा घास घेऊन म्हणतो, नमक कम है.

अंगावर तोच शर्ट होता माझ्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सगळ्यांना भाच्याची शिसारी आली. दीप्ती म्हणाली, ‘ये भतीजा किसी काम का नहीं. बुआ का हाल पूछने के बजाय खाने में नुक़्स निकालता है. ऐसे लोगों को और आता क्या है?’

मी उभा राहिलो आणि सांगितलं की ही माझी आत्या आहे, तो मी आहे, गुडघा मी मागितला, शेजारीण यशने घालवली. फोनवर आत्याचा फोटो दाखवला. तिघांनी पाहिला, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. यश म्हणाला, काय थिअरी आहे भाई! टाळी द्यायला हात पुढे केला. दीप्तीला समजावलं, मराठीत, हात जोडून, की आज पाळी तुझी आहे, काहीही सांगू नकोस, हवं तर मस्त म्हण. तिने रजिस्टरचं पहिलं पान उघडून माझ्यासमोर धरलं. मग म्हणाली, एवढे मोठे डोळे काढलेत, पण त्या डोळ्यांचं कथेत काहीच काम नाही.

अनीश लिहीत असताना मी रजिस्टर ओढलं. त्याने शांतपणे परत घेतलं. खोडायचं नाही, हा नियम माझाच.

२९ एप्रिल, मंगळवार

आत्याला सुईत दोरा ओवता येत नाही. पाच वेळा प्रयत्न केला, मग सुई ठेवून दिली. मी ओवून दिला. तिला माझा हात दिसला, चेहरा नीट दिसला नाही.

डॉक्टर म्हणतात, नजर एवढ्या झपाट्याने जात नाही. तपासण्या लिहून दिल्या आहेत.

४ मे, रविवार

गेलो नाही. वाटलं, मीच नसलो तर—

सहाला यशचा फोन. त्यांनी पाहिला. खोलीत आज अकरा माणसं होती, सगळ्यांना वेड लागलंय मालिकेचं. पाळी अनीशची. त्याने माझंच पहिल्या दिवशीचं वाक्य ऐकवलं म्हणे, माणूस मारायची वेळ. आणि उणीव लिहिली: यात मरण नाही. पुढच्या रविवारी शेवटचा भाग, आणि त्यात मरण हवं.

आवडतं म्हणून मरायला हवं. हे मीच शिकवलं त्यांना. इतकी वर्षं मी हेच करत आलो, फक्त चित्रांबरोबर.

७ मे, बुधवार

नागपूरचं तिकीट काढलं. आत्या जायला तयार नाही. मी खूप ओरडलो, मग रडलो. ती चाचपडत जवळ आली, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘मला काही होत नाही रे निरू. तू आलास ना, बस झालं.’

जिन्याच्या तोंडाशी लोखंडी पेटी आडवी टाकली आहे. गॅस बंद. सुऱ्या वर आणल्या.

९ मे

रजा टाकली. ती झोपली की श्वास बघतो.

तिच्या हट्टापायी गॅस सुरू करून शेजारी उभा राहिलो; तिने चाचपडत वरण-भात केला, दारापाशी बसून खाल्ला. मी म्हणालो, छान झालंय. खरंच छान झालं होतं. तिला हसू आलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालास, म्हणाली.

१० मे

उद्या पाळी माझी. चौघांत पुन्हा माझी.

काय सांगू? काही नाही म्हटलं तर तिथली अकरा तोंडं सांगतील. तिला वाचवा म्हटलं तर मरण कुणाचं? मरण तर लिहून झालंय—

११ मे, रविवार, संध्याकाळी सव्वापाच

पटकन लिहितो.

शेजारच्या घरातल्या नव्या भाडेकरणीला आत्याजवळ बसवून गेलो होतो. खोली भरलेली. शेवटचा भाग. जिना, अठरा पायऱ्या, पेटी बाजूला सरकवलेली. वरच्या पायरीवर आत्या, हातात माझ्या चहाचा कप, एक पाय पुढे. चित्र तिथेच थांबलं. अनीशने किती बटणं दाबली, पुढे जाईना.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी सांगितलं. ही बाई मेली तर मालिका रद्दड होईल. तिने काय केलंय? दुसऱ्याचं पोर वाढवलं, शिवलं, रांधलं, कुणाला नाव ठेवलं नाही. त्या भाच्याकडे बघा. चारशे बारा मालिकांत त्याला एक चांगली सापडली नाही, आणि घरात जे होतं ते दिसलं नाही. त्याला जिवंत ठेवलाय, ही या मालिकेतली सगळ्यात मोठी चूक. बाईचे डोळे परत द्या, गुडघा परत द्या आणि भाच्याला मारा.

कुणी वाद घातला नाही. टाळ्या पडल्या. अनीश म्हणाला, आजवरची सर्वांत योग्य राय. लिहिताना त्याची मान डुलत होती. एकटी दीप्ती माझा शर्ट बघत राहिली. मी निघताना तिने अनीशच्या हातातलं पेन हिसकावून घ्यायचा प्रयत्न केला. माझ्यासाठी. मी तिला नीट ओळखलंच नव्हतं.

स्कूटर हळू चालवत आलो. फाटकातूनच आत्याने हाक मारली, शर्टाचं बटण तुटलंय बघ. एवढ्या लांबून! बटण! ती चालत होती, नीट, पाय न ओढता. पायाला वाकलो तर हसली. चहा टाकते म्हणाली.

वर आलो. डावा हात खांद्यापासून जड. पेन उजव्यात आहे, चालतंय. घाम फार. छातीत—

भीती वाटते. फार. वाटलं होतं वाटणार नाही.

खाली मशीनचा आवाज आला, थांबला. गुणगुणते आहे. किती दिवसांनी.

पायऱ्यांवर पावलं. चहा घेऊन येते आहे. पेटी मीच सरकवली येताना. ओरडतोय पण आवाज— तिने मला असं बघू नये, आता कुठे तिला दिसायला—

कडी लावायला उठतो. आत्या, वर येऊ नकोस, मी खाली ये—