गुरुजी समोर असताना दिलेली उत्तरे

प्रिय अनुजा,

तुझा सहकारी केतन याने तुझ्या स्मरणार्थ काढलेल्या पुस्तिकेत दोन विधाने केली आहेत. पहिले, 'आहुपे परिसरातील कुटुंबांच्या उत्पन्नाची पाहणी अनुजाने आजोबांच्या मोलाच्या सहकार्यामुळे यशस्वी केली.' दुसरे, 'पाहणीची दुसरी फेरी आजारपणामुळे अपूर्ण राहिली.' दोन्ही विधाने चुकीची आहेत. माझ्या सहकार्याने तुझी पाहणी बिघडली. आणि दुसरी फेरी तू पूर्ण केली होतीस.

हे केतनला सांगण्याआधी तुला सांगावे, म्हणून हे पत्र. पहिल्या फेरीच्या आकड्यांवर आधारलेला तुझ्या संस्थेचा अहवाल आता छपाईला निघाला आहे. तो म्हणतो, त्या डोंगरातली कुटुंबे बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी आहेत. अहवालाच्या अर्पणपत्रिकेत माझे नाव आहे आणि माझी संमती सोमवारपर्यंत हवी आहे. "आजोबा, नुसतं हो म्हणा, बाकी मी बघतो," असे केतन फोनवर म्हणाला. किती सोपे करून ठेवले आहे त्याने!

तुला आठवते का, मला न्यायला तू वारूळवाडीला आलीस तेव्हा काय म्हणालीस? "तिथे मला कोण दारात उभं करणार, आजोबा? तुमचं मात्र निम्मं गाव विद्यार्थी!" मी सदऱ्याला इस्त्री करून तयारच होतो. त्या भागातील शाळेत मी बावीस वर्षे शिकवले. निवृत्तीनंतर कुणाला माझी गरज पडली, ती प्रथमच.

तू टॅबवरून प्रश्न वाचायचीस. गेल्या सात दिवसांत डाळ किती वेळा शिजली? दूध घेतले का? मजुरी किती दिवस मिळाली? समोरचा अडखळला, की मीच मध्ये बोलत असे. "लिही, बरे चालले आहे. हा माझ्या हाताखालून गेलेला आहे." तो मान डोलवी. तुझे बोट क्षणभर थांबे. मला ते दिसत होते, अनुजा. मला वाटे, नेटवर्क नसेल.

शेवटचे घर सोनाबाईचे, माझ्या जुन्या विद्यार्थिनीचे. तिने दुधाचा चहा केला आणि तुझ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे पाहत दिले, "दूध रोजच घेतो की, गुरुजी!" मी प्रसन्न झालो. तू पाणी प्यायला मागील दाराशी गेलीस. तिथे शेजारीण उसन्या दिलेल्या दुधाचा तांब्या परत मागायला उभी होती.

बाहेर पडल्यावर तू म्हणालीस, "हे सगळं मला पुन्हा करावं लागणार. आणि आजोबा, तुम्ही येऊ नका."

"का?"

"तुमच्यासमोर कुणी गरीब राहत नाही."

"म्हणजे मी त्यांना खोटे बोलायला शिकवले?"

मी घोडेगावच्या एसटीत एकटाच चढलो आणि त्या दिवसापासून तुझा फोन आला, की तो तुझ्या आईच्या हाती देऊ लागलो. तूही कमी हट्टी नव्हतीस! दिवाळीला आलीस, फराळाची ताटली माझ्यापुढे ठेवलीस आणि निघून गेलीस. एक वाक्य बोलली असतीस, तर काय बिघडले असते? पण मी तरी कुठे बोललो?

एक फेरी पुरे, असे तुझ्या वरिष्ठांचे मत होते. म्हणून तू रजा काढलीस, टॅब संस्थेत ठेवलास आणि साध्या वह्या घेऊन एकटी डोंगर चढलीस. तुझ्यामागे त्या वह्या पिशवीतून घरी आल्या. त्यांत माझ्याविषयी काय लिहिले असेल, या भीतीने मी त्या कित्येक महिने उघडल्या नाहीत.

पहिल्याच पानावर होते, 'पहिल्या फेरीतील उत्तरे आदरापोटी दिलेली आहेत. ती वापरू नयेत. चूक माझी. आजोबांना सोबत नेण्याचा निर्णय माझा होता.'

अनुजा, ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. तरीही ती पूर्ण खरी नाहीत. मला वाचवण्याची परवानगी तुला कुणी दिली?

सोनाबाईच्या पानावर दुधापुढे लिहिले होते, 'पाहुणे आले तरच.' गेल्या गुरुवारी मी तिच्याकडे गेलो.

"बसा, गुरुजी. आज च्या कोराच हाय बघा."

"सोना, माझ्या नातीला तू आधी एक सांगितलेस, मग दुसरे. खरे कोणते?"

"दुसरं. पोरगी एकलीच आली व्हती, चुलीम्होरं बसली. तिला सांगायला कसली लाज?"

"मग माझी लाज वाटली?"

ती हसली. "तुमचीच तर लई! तिसरीत व्हते मी. भूक लागली म्हनून वर्गात रडले, तर तुमी म्हनला, 'सोना, पोटाचं शाळेत बोलायचं नाही.' तवापास्नं तुमच्या म्होरं न्हाई बोलले."

मला तो प्रसंग आठवत नाही. परंतु वाक्य माझेच आहे. त्याची घडण मी ओळखतो.

तू मला विचारले नाहीस, पण तुला हे कधी कळले होते का? तिने चुलीपुढे तुलाही सांगितले असेल, आणि तू ते वहीत लिहिले नसशील?

तुला वचन देतो. सोमवारी मी वह्या घेऊन स्वतः पुण्याला तुझ्या संस्थेत जाईन. पहिली फेरी रद्द करा, दुसरी वापरा आणि अर्पणपत्रिकेतून माझे नाव काढा, असे लेखी देईन. कारणही लिहीन, सोनाबाईच्या वर्गातल्या त्या वाक्यासह. हाताने लिहिलेल्या वह्या चालत नाहीत, असे ते म्हणतील. मग त्या चालेपर्यंत मी तिथे बसेन. मी एका जागी किती वेळ बसू शकतो, हे तुला ठाऊक आहे.

पुस्तिकेतील तारखांची दुरुस्ती सोबत जोडणार आहे. ती आधी तू पाहा.

पहिली फेरी संपली : दसऱ्याच्या आदल्या दिवशी. ('दिवाळीत' हे चूक.)

दुसरी फेरी सुरू झाली : भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. अनुजा एकटी.

दुसरी फेरी पूर्ण झाली : भोगीच्या दिवशी, एकही घर न वगळता. ('अपूर्ण' हे चूक.)

ताप आला : संक्रांतीनंतर पाचव्या दिवशी, म्हणजे काम संपल्यावर.

आजोबा तिच्याशी पुन्हा बोलले : त्यानंतर तीन दिवसांनी, रुग्णालयात. तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. (पुस्तिकेत उल्लेख नाही.)

वह्या संस्थेत पोहोचल्या : येत्या सोमवारी. ही एकच तारीख अजून खरी व्हायची आहे.

तुझा,
आजोबा