पिठात गावाचं नाव

७ फेब्रु. १९९९, जळगाव
मी सांगते, वैशू लिहिते. माझी नात, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. अक्षर चांगलं आहे म्हणतात, पण मधेच स्वतःचं घुसडते, म्हणून लिहिलेलं वाचून दाखवायला लावते.
तिचं प्रोजेक्ट : इंटरनेटवरून फोन, जळगावहून धुळ्याला. तिचा बाप, आमचा नाना, म्हणाला, "फोन बोलला तर पुण्याची नोकरी घे. नाही बोलला तर केळीच्या आडतीवर बस. तिथला फोन तरी बोलतो." पोरगी जेवली नाही नीट. तिची अर्धी भाकरी मीच संपवली.

१० फेब्रु.
फोन करणारा खराच तो आहे का, हे मशीनला कळायला गुप्त आकडे लागतात. पहिलं गिऱ्हाईक मी. वाचता येत नसलं तरी फोनची बटणं कळतात. वैशूने तोंड फिरवलं, मी दाबली. कोणती ते इथेही नाही. (लिहिणारी थांबून बघतेय. बघू दे.) लग्न झाल्यापासून यांचं नाव उखाण्याशिवाय तोंडात आलं नाही, आणि ही मला गुपित शिकवते.
मग तिचं दळण. माझे आकडे, माझं नाव, गावाचं नाव, सगळं एकत्र दळायचं. मशीनमध्ये ठेवायचं ते पीठ फक्त. पुढच्या वेळी आकडे दाबले की पुन्हा दळायचं, पिठाशी पीठ ताडून बघायचं. चोराने पीठ नेलं तरी त्यातून दाणे निघत नाहीत. पटलं. ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या कळण्याच्या पिठातून उडीद कोण वेचून काढणार.

३ मार्च
परीक्षा धुळ्याच्या कॉलेजात, म्हणून मशीन तिकडे गेलं. वैशूने एसटीत मांडीवर धरून नेलं, आहेराचं भांडं न्यावं तसं. फोन आम्ही इकडून करायचा. तिकडे उचलायला सुमन, माझी धाकटी बहीण. कॉलेजच्या मागेच तिचं घर. गुडघे गेल्यापासून आखाजीलाही, अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणालाही, येत नाही. तिचा आवाज ऐकून...
असो.

९ मार्च
नाही लागला. मी बटणं दाबली, मशीनने मला ओळखलं नाही. पुन्हा दाबली. पुन्हा तेच. धुळ्याच्या पोरांचे आकडे चालतात, त्यांनी मशीन तिकडे गेल्यावर दिले. वैशूनेही तिचे तिथेच नव्याने दिले. जुनी मी एकटीच, आणि अडकले मीच.
"आजी, विसरलीस तू."
"नही विसरनू."
तिच्या सरांनीही मान हलवली. म्हातारी म्हटल्यावर सोपं पडतं.

१० मार्च
नवे आकडे दे म्हणते. नाही देणार. दिले म्हणजे विसरले हे कबूल. नानाने आडतीवर खुर्ची पुसून ठेवलीय म्हणे. वैशू माझ्याशी बोलत नाही, लिहिते फक्त.

१४ मार्च
वैशू धुळ्याहून आली, आल्या आल्या वही उघडली. तिकडच्या पोरांनी मशीनमधलं गावाचं नाव बदललं होतं. धुळ्याच्या मशीनवर जळगाव कशाला, म्हणून धुळे घातलं. माझं पीठ जळगाव घालून दळलेलं, आता दळण धुळ्याचं. जुळणार कसं? मला हसू आवरेना. सुमनही तिकडे दिल्यापासून जळगावची केळी पचत नाहीत म्हणते.
"आजी, तू विसरली नव्हतीस."
मी म्हटलं, हे मोठ्या अक्षरात लिही.

१७ मार्च
हसू गेलं. धुळ्याचे सर म्हणतात, मशीन आमच्याकडे, नाव आमचं. इकडचे म्हणतात, पोरगी आमची. जळगाव घातलं तर तिकडच्यांचं पीठ वाया. परीक्षा तोंडावर.
दुपारी वैशूने कोणाला न विचारता तिसरंच घातलं. खान्देश. दोन्ही सरांना चाललं. आता बठ्ठ्यांनी, सगळ्यांनीच, आकडे पुन्हा द्यायचे. मी दिले. तेच, जुनेच.

२४ मार्च
परीक्षा. पुण्याहून आलेले परीक्षक धुळ्याला सुमनशेजारी, आम्ही इकडे. बटणं दाबली. बराच वेळ नुसती खरखर. मग तुटक तुटक, विहिरीतून यावा तसा आवाज, "अक्का, तू शे का?"
मी शे म्हटलं. पुढे काय बोलले आठवत नाही. सुमनला आठवत असेल, ती थांबतच नव्हती. गुडघ्यांपासून सुनेपर्यंत सगळं सांगितलं, परीक्षक ताटकळले. मग लाइन तुटली. तुटली ती धरतील की लागली ती, कोण जाणे. निकाल आखाजीनंतर.

२५ मार्च
जेवताना नानाने विचारलं, पुण्यात थंडी फार असते का. वैशू उठून गेल्यावर आडतीला दुसरा माणूस बघायचं काढलं.
वैशूला म्हटलं, तू गेलीस तर ही वही कोण लिहिणार?
"फोनवर सांग. मी तिकडे लिहीन."
"मीच बोलतेय कशावरून?"
तिने फोन पुढे सरकवला आणि तोंड फिरवलं.