तीन नंबरचं कुलूप

सोमवार, २

आलो एकदाचा! सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात मेकॅनिक म्हणून आज हजर झालो. फाटकापासूनच असा दर्प येतो की जेवलेलं वर यावं, पण तासाभरात नाक मरतं. क्वार्टर झकास मिळालंय. दोन खोल्या, मागे मोरी, आणि खिडकीतून थेट पंपघर दिसतं. आमची लेक ठमी दिवसभर त्या खिडकीत बसून राहणार, मला माहीत आहे.

ठमी आणि तिची आई रविवारी, पंधरा तारखेला येणार. मागच्या दोन्ही नोकऱ्या मी माझ्या तोंडाने घालवल्या. तेव्हापासून सात महिने दोघी माहेरी आहेत. हिने निक्षून सांगितलंय, या वेळी जिभेला आवर घाल, नाहीतर आम्ही इथेच बऱ्या. तेव्हा यंदा शहाण्यासारखं वागायचं ठरवलंय.

इथे माणसं मोजकी. कशालाही ‘बघू’ म्हणणारे साहेब, चष्मेवाला ऑपरेटर, आणि प्रयोगशाळेतल्या बाई. बाई पाण्याच्या बाटल्या घेऊन फिरतात, कुणाकडे बघून हसत नाहीत. मीही कुणाचं हसणं बघायला आलेलो नाही.

मंगळवार, ३

काम समजून घेतलं. शहराची सगळी घाण तीस फूट खोल विहिरीत येऊन पडते. तळाशी चार पंप आहेत, ते ती वरच्या टाक्यांत ढकलतात. खाली उतरणाऱ्याने आधी ज्या पंपाचं काम असेल त्याच्या स्विचला स्वतःच्या नावाचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. वर आला की स्वतःच काढायचं. दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. म्हणजे आत माणूस असताना कुणी पंप चालू करण्याची भीती नाही. चोख पद्धत आहे. मलाही माझ्या नावाचं पितळी कुलूप मिळालं.

तीन नंबरच्या स्विचला मात्र एक गंजकं कुलूप लटकतंय. आधीच्या मेकॅनिकचं आहे म्हणे, चार वर्षांपासून तसंच आहे. तो कुठे असतो विचारलं, तर चष्मेवाला म्हणाला, गेला. कुठे गेला? तर डबा उचलून हाच चालता झाला. भलतेच शिष्ट लोक आहेत.

शुक्रवार, ६

एक नंबरचं बेअरिंग जाम होऊन पंप बंद पडला. उरलेल्या दोन पंपांना पाणी आवरेना, विहीर काठापर्यंत भरत आली. आणि चांगला धडधाकट तीन नंबर कुलूप लावून ठेवलेला! साहेबांना सांगितलं, ते म्हणाले बघू. माझं डोकंच फिरलं. करवत आणली, कुलूप कापलं आणि बटण दाबलं. पंप आधी काहीतरी दातात अडकल्यासारखा घरघरला, मग सुरळीत चालला. दहा मिनिटांत पाणी उतरलं.

वाटलं, आता तरी कुणी शाबास म्हणेल. चष्मेवाला पांढराफटक पडला होता. बाई एवढंच म्हणाल्या, “तो अजून खाली होता.”

मी म्हटलं, चार वर्षं ड्युटीवर आहे तर बढती द्या की त्याला. कुणी हसलं नाही.

शनिवार, ७

कुणी बोलायला तयार नाही. चहा आला, माझा कप सोडून. गेले खड्ड्यात.

कपडे बदलायच्या खोलीत माझ्या बुटांशेजारी आणखी एक जोड होता. ओला. खाली तर आज कुणीच उतरलं नव्हतं.

सोमवार, ९

तीन नंबरच्या स्विचला माझं कुलूप. मी लावलेलं नाही. किल्ली माझ्याच खिशात होती, काढून टाकलं. नोंदवहीत चष्मेवाल्याच्या अक्षरात लिहिलंय, ‘मेकॅनिक खाली’.

सरळ गचांडी धरली त्याची. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुटल्यावर कॉलर नीट केली आणि बाईंना म्हणाला, दार लावून घ्या, वारा येतोय. मला खरंच भीती वाटली.

बुधवार, ११

बाई बोलल्या. माझ्याशी नाही, हातातल्या बाटलीशी. पूर्वी दरवर्षी इथला एक माणूस विहिरीत जीव गमवायचा. मग तो मेकॅनिक उतरला आणि वर आला नाही. शोधला असता तर सापडला असता. त्यांनी शोधला नाही. कुलूप तसंच राहू दिलं. चार वर्षं कुणी गेलं नाही. विहिरीला एक माणूस पुरतो, म्हणाल्या. आता कुलूप कापल्यावर तो वर आलाय, तर त्याच्या जागी कुणीतरी खाली हवं.

त्यांनी मला सांगितलं का नाही? नवा आहे म्हणून. मी गेलो तर कुणाचं काय जातंय, म्हणून.

गुरुवार, १२

घरी फोन केला. येऊ नका म्हणालो. ही हसली. म्हणाली, सकाळीच तर अर्धा तास बोललास, किती गोड बोललास, मागच्या सगळ्याची माफी मागितलीस.

मी जन्मात कुणाची माफी मागितलेली नाही.

ओरडलो, तो मी नव्हतो, येऊ नका! ती म्हणाली, “परत तोच सूर लावलास ना?” फोन ठेवला. पुन्हा उचललाच नाही.

शनिवार, १४

पिशवी भरून फाटकावर गेलो. मीच जाऊन त्यांना वाटेत अडवणार होतो. फाटक उघडेना. पहारेकऱ्याला हाका मारल्या, तो माझ्या आरपार बघत विडी ओढत राहिला. साहेब समोरून गेले. ‘बघू’सुद्धा म्हणाले नाहीत.

तीन नंबरला पुन्हा माझं कुलूप. खिशात किल्ली नाही.

रविवार, १५

सकाळचे आठ. दोघी दहाला येतील. एकच उपाय सुचतोय. येणारं पाणी अडवून विहीर उपसून घेतलीय. खाली उतरतो, त्या मेकॅनिकचं जे काही उरलं असेल ते वर आणून अंगणात टाकतो. मग पोलीस येतील, फाटक उघडेल, आणि या दोघींना तिथूनच परत पाठवीन. वही खिशात घेतोय.

रविवार — खाली

इथे काही नाही. हाड नाही, चिंधी नाही. गाळात बुटांचे ठसे आहेत फक्त, शिडीकडे जाणारे. आणि शिडी —

वर ओढून घेतली. चष्मेवाल्याने आणि बाईंनी, दोघांनी मिळून.

पाणी सोडलंय. गुडघ्यापर्यंत —

विहिरीच्या तोंडावरच्या जाळीवर पावलं. हिच्या चपला. ठमीचे बूट, नवे दिसतात. मधे माझे बूट. माझे माझ्या पायांत आहेत.

ओरडतोय. घसा गेला. ठमी वाकून बघतेय. खाली कोण आहे, विचारलं तिने. तो म्हणाला, कुणी नाही गं. माझ्याच आवाजात. पण प्रेमाने.

ही हसली. किती महिन्यांनी —

छातीपर्यंत. वही वर धरून लिहि—

ठमीने हाक मारली. बाबा.

मी ओ दिली. वर त्यानेही —