सोनीचा ताप

भिवंडी, १८ ऑगस्ट २०२४

चि. आसावरीस शरच्चंद्रकाकाचे अनेक आशीर्वाद.

तू बिकानेरच्या वाळवंटात उंटांच्या पोटातले नि रक्तातले जंतू शोधतेस, तिथे फोन लागत नाही, म्हणून हे पत्र. कोन गावच्या बाबूची उंटीण सोनी आठवते ना? पोरांना पाठीवर फिरवायची ती? फार खंगलीय. ताप येतो, जातो. परवा बसली ती उठेचना. बाबू तिच्या मानेला गाल लावून म्हणाला, आता ही वाचायची न्हाय. मला बघवेना.

जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, तेव्हा मीच तिच्या लेंड्या घरी आणल्या. जंतांची अंडी साखरेच्या पाकात तरंगतात असं वाचलं होतं. मी पाक करतोय हे पाहून तुझ्या काकूला भरून आलं. गुलाबजाम होणार म्हणून तिने शेजारच्या जानकीबाईंनाही बोलावलं. पुढचं लिहीत नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली ढीगभर अंडी दिसली! गोल, जाड काळ्या काठाची. चित्र सोबत आहे.

काकूला समजावणारं चार ओळींचं पत्र वेगळं पाठव.

तुझा काका


बिकानेर, २४ ऑगस्ट २०२४

ती. काकांना शि. सा. न.

चित्र सुरेख आहे, पण ती अंडी नव्हेत, हवेचे बुडबुडे आहेत. लाजू नका. पहिल्या वर्षी मीही बुडबुडेच शोधले, काहींची तर नावंसुद्धा ठेवली होती.

येणारा-जाणारा ताप म्हणजे मला सर्रा या रोगाची शंका येते. गोमाशी चावली की त्याचा जंतू रक्तात शिरतो. पाक पुरे करा. ताप चढलेला असतानाच गुरांच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या, एरवी जंतू सापडेलच असं नाही. थर्मामीटर तोंडात द्यायचा नसतो; कुठे द्यायचा ते डॉक्टर सांगतील. उशीर नको काका, यात जनावर दगावतं.

काकूला पत्र लिहायचं धाडस माझ्यात नाही. माझ्यावर दोघांचीही माया राहू द्या.

आसावरी


भिवंडी, ५ सप्टेंबर २०२४

चि. आसावरीस काकूचे आशीर्वाद.

ह्यांना फुरसत नाही म्हणून मी लिहितेय. आमचा थर्मामीटर गेला तो गेलाच, मी तो घरात घेणार नाही. सोनीला ताप चढला तसे हे पडघ्याच्या डॉक्टर नेत्राबाईंना रिक्षात घालून घेऊन आले. बाईंनी तिच्या कानाच्या शिरेतून रक्त काढून काचेवर घेतलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात काहीतरी मासोळीसारखं वळवळत होतं. तू म्हणालीस तोच सर्रा. ह्यांनी विचारलं, बुडबुडा तर नाही ना? बाई म्हणाल्या, सर, बुडबुडा वळवळत नाही.

इंजेक्शन दिलं. बाबू सोनीपाशीच बसून होता, जेवायचंही नाव नाही. मी भाकरी घेऊन गेले तर अर्धी त्याने तिलाच चारली. काल सोनी आपली आपण उठली! बाबू रडला, हे रडले, मीही रडले.

आज तिला घेऊन बाबू आमच्या दारात आला. हे पाया पडल्यासारखे तिच्यापुढे वाकले, तर तिने ह्यांचं अख्खं टक्कल चाटून काढलं. तेव्हापासून डोकं धुवायला तयार नाहीत. लाळ सुकायच्या आत काचेवर घ्यायची म्हणून आरसा आणि चमचा घेऊन बसलेत.

ह्यांना आता आणखी काही तपासायला सांगू नकोस, म्हणजे आपला लोभ टिकेल.

तुझी काकू
प्रमोदिनी