मिरज रस्त्यावरचा एकमेव सावध माणूस

३ फेब्रुवारी १९४३, सांगली.
सौ. पद्माचं अपेंडिक्सचं ऑपरेशन गेल्या आठवड्यात मिरजेच्या इस्पितळात पार पडलं. तिथलं जेवण तिच्या घशाखाली उतरत नाही. तेव्हा उद्यापासून घरचा डबा मी सायकलवरून नेणार. सासूबाई म्हणाल्या, कोळशाच्या मोटारीनं जा. म्हटलं, लढाईपायी पेट्रोल नाही, कोळशाच्या गॅसवर चालणारी ती सर्व्हिस मोटार चढाला उतारूंना ढकलावी लागते. शिवाय रस्त्यावर मी अत्यंत अलर्ट असतो. त्या डबा घासायला उठल्या. पटलं असावं.

४ फेब्रुवारी.
म्हैस. डावीकडून सरळ चालली होती. मी ओव्हरटेक करणार, तोच वळली. सिग्नल वगैरे काही नाही. आमटी सांडली, भात वाचला. गुराखी हरिबाला रस्त्याचे नियम समजावले. म्हणाला, "मला समजलं. आता म्हशीला सांगा." उद्धट.
निश्चय: जनावर दिसलं की लांबूनच बेल.

५ फेब्रुवारी.
लांबूनच बेल दिली. बैल बुजला. गाडी आडवी, मी बाभळीत. गाडीवान म्हणाला, "आवं, गप गेला असता तर आमीबी गप गेलो असतो." सिव्हिक सेन्स कशाशी खातात, पत्ता नाही. बेल बंद. यापुढे फक्त नजर.

८ फेब्रुवारी.
कोपर सुजलं म्हणून दोन दिवस सासूबाई मोटारीनं डबा घेऊन गेल्या. वेळेवर पोचल्या. नशीब एकेकाचं.
आज पुन्हा मी. समोरून वैरणीचा भारा घेऊन एक बाई. माणूस कुठं वळणार ते आधी त्याच्या डोळ्यांत दिसतं, म्हणून मी तिच्या डोळ्यांकडेच बघत होतो. भारा फार रुंद निघाला. मला तिनंच उठवलं. डबा कुणाचा, विचारलं. सांगितलं. म्हणाली, "मग चालत जावा की, दादा. बाईमाणूस तकडं उपाशी हाय." अडाणी सल्ला.
रिकामा डबा बघून पद्मा भिंतीकडे तोंड करून पडली. ऑपरेशननंतर अशक्तपणा येतोच.

९ फेब्रुवारी, सकाळ.
अंग मोडून आलंय. आज सायकल हातात धरून चालत जाणार. हा निर्णय सर्वस्वी माझा.

संध्याकाळ.
एकही अपघात नाही! टांगे, शेळ्या, मिलिटरीच्या लॉऱ्या, सगळ्यांना आधी जाऊ दिलं. आमटीचा थेंब सांडला नाही. पोचलो तर कॉट रिकामी, गादी गुंडाळलेली. तसाच नर्सबाईंकडे धावलो. म्हणाल्या, "अहो, डॉक्टरांनी त्यांना घरी सोडलं. तुमची पुष्कळ वाट बघितली, मग शेजारच्या पेशंटबरोबर मोटारीनं गेल्या."
मोटार वाटेत दिसली होती. धूर नको म्हणून मी तोंडाला रुमाल लावून शेताकडे वळून उभा राहिलो होतो.
घरी आलो. पद्मा अंथरुणावर बसून पेज पीत होती. माझ्या हातातल्या डब्याकडे तिनं पाहिलं. आमटी तोवर आंबली होती.
म्हणाली, "मोटारीतून हाका मारल्या तुम्हाला. दोनदा."
म्हटलं, रस्त्यावर गोंगाट फार होता.
खरं तर तेव्हा त्या मोटारीशिवाय रस्त्यावर कुणीच नव्हतं.