चंद्र बेचाळीस मिनिटे उशिरा उगवला त्याविषयी

रत्नागिरी, श्रावण वद्य दशमी, शके १८५२, मंगळवार
दुपारी तीन वाजून अकरा मिनिटे (स्टँडर्ड टाइम)

राजमान्य राजश्री रावजीभाऊ यांना धोंडोचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी सात मनोभावे लावली आहेत. आठव्याचे पुढे पाहू.)

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? तांबडी गाय व्याली असेल तर दिवस आणि वेळ कळवावी, मी टिपून ठेवतो. माझी प्रकृती उत्तम. सत्तेचाळिसाव्या वर्षी बत्तीसही दात जागच्या जागी असलेला मनुष्य कचेरीच्या आवारात माझ्याखेरीज दुसरा नाही, असे मी शनिवारपर्यंत सांगत असे. शनिवारी भातात खडा लागला आणि दाढेचा कोपरा गेला. यंदा तांदळात खडे फार. अक्षर नेहमीपेक्षा मोठे आले आहे, त्याचा वेगळा अर्थ काढू नये. पावसाळी हवेत शाई फुगते.

आता मुख्य विषय. तुमच्या भगिनी तिथे आहेत, आज सहावा दिवस. त्यांनी खुशाल राहावे. माहेर आहे, हेदवीचा दशभुज गणपती चार पावलांवर आहे, हवा चांगली आहे. त्यांना बोलवायला हे पत्र नाही, हे आधीच स्पष्ट करतो. पण झाल्या प्रकाराची एक बाजू तुमच्या कानांवर गेलीच असेल, आणि तेवीस वर्षे लोकांचे अर्ज आणि कैफियती लिहिलेल्या माणसाला एकतर्फी निकाल सहन होत नाही. म्हणून दुसरी बाजू लिहितो. (मध्येच उठून घड्याळ पाहून आलो. तीन वाजून एकोणीस. घड्याळ ठीक चालू आहे.)

घड्याळाचा नाद मला कसा लागला ते तुम्हाला पुरते ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी कचेरीसमोरच्या वडाखाली, माझ्या बैठकीपासून सात हातांवर, एक पोरगेलासा गृहस्थ टंकयंत्र घेऊन येऊन बसला. लोकांना काय, खडखड आवाज झाला की अर्ज वजनदार वाटतो! माझ्या अक्षराला एके काळी मामलेदारांनी मोत्यांची उपमा दिली होती. ते मोती माझ्यापाशीच राहू लागले आणि दुपारी रिकाम्या जाऊ लागल्या. रिकामा मनुष्य घरात आला की घर त्याला ढकलते. मी पडवीतून माजघरात गेलो की सावित्री म्हणे, ‘इथे केर काढायचाय.’ माजघरातून परसात गेलो की म्हणे, ‘तिथे वाळवण आहे.’ शेवटी मी भिंतीकडे पाहू लागलो आणि भिंतीवर घड्याळ होते. ते मी उघडले. कोणाकडे शिकायला गेलो नाही, कोणाला विचारले नाही. तीनदा खोलले, तीनदा जोडले. पहिल्या दोन वेळी काही चक्रे उरली, तिसऱ्या वेळी एकही उरले नाही. तेव्हापासून ते आठवड्याला अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक चुकलेले नाही. घरापुढच्या खळ्यात जांभ्याच्या चिऱ्यावर सावलीचे यंत्र मांडले आहे. पावसाळ्यात सावली नसते म्हणून रोज चार वाजता तार ऑफिसात जाऊन वेळ मिळवून आणतो. तिथले मास्तर मला पाहिले की आपले घड्याळ खिशात घालतात. (तपासले जाण्याची भीती.)

असे असल्यामुळे आमच्या आळीत संकष्टीच्या चंद्रोदयाचे काम आपोआप माझ्याकडे आले. श्रावणात आभाळ गच्च. चंद्र कुठला दिसायला! पंचांगातल्या वेळेवर भरवसा ठेवून ओवाळायचे आणि जेवायला बसायचे. आळीत पंचांगे चार आहेत, पण खात्रीचे घड्याळ एकच. शिवाय पंचांगातली वेळ मुंबईची. रत्नागिरी मुंबईच्या किंचित पूर्वेला आहे, म्हणून आपल्याकडे चंद्र दोन मिनिटे आधी उगवतो. ही दोन मिनिटे या गावात माझ्याखेरीज कोणीही वजा करीत नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या माणसे दोन मिनिटे जास्त उपाशी राहत होती! मी ती वजा करतो आणि बरोबर वेळेला ओटीवरून शंख फुंकतो.

गेल्या मंगळवारी अंगारकी. आळीत अकरा बायका आणि दोन पुरुष उपाशी. तुळसाकाकूंचे व्रत बावीस वर्षांचे, सावित्रीचे अकरा वर्षांचे (चिरंजीव विषमज्वरातून उठला तेव्हापासूनचे, हे तुम्ही जाणताच). मी पंचांग पाहिले. चंद्रोदय आठ वाजून वीस मिनिटे. दोन वजा जाता आठ अठरा. आठ अठराला, सेकंदकाटा बारावर असताना, मी शंख फुंकला. घरोघरी निरांजने बाहेर आली, पूर्वेच्या काळ्या ढगाला ओवाळले गेले, अर्घ्य सुटले, मोदक फुटले. सर्व काही शिस्तीत पार पडले. मी स्वतः उपास करीत नाही, पण मोदक खातो. सात खाल्ले.

पुढे काय झाले ते जसेच्या तसे लिहितो. लोक हात धुऊन अंगणात आले. तुळसाकाकूंनी पान लावून तोंडात टाकले. आणि नऊ वाजून सहा मिनिटांनी पूर्वेचा ढग फाटला आणि डोंगराच्या कडेवर चंद्र दिसला. वर आलेला चंद्र नव्हे, भाऊ. नुकता डोके काढणारा, तांबूस, अर्धा डोंगरात आणि अर्धा बाहेर, न्हाणीघरातून डोकावणाऱ्या माणसासारखा.

मग तुळसाकाकूंनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतले आणि मला हाक मारली, ‘काय रे धोंडो, मघाशी ओवाळला तो कोण, आणि हा कोण?’

मी ओटीवरून शांतपणे सांगितले की काकू, चंद्र उशिरा आलेला आहे.

‘का रे? जयगडच्या तरीची होडी चुकली वाटतं त्याची?’

हसणे कोणत्या घरातून सुरू झाले ते सांगता येत नाही, पण ते आमच्या घरापाशी येऊन थांबले. सावित्री दारात उभी होती. ती हसली नाही. तिच्या हातात खरकटे पान होते. ती चंद्राकडे पाहत होती आणि पानाकडे पाहत होती. माझ्याकडे मात्र पाहत नव्हती.

मी त्याच वेळी हिशेब मांडला. डोंगर आडवा आहे त्याची सहा मिनिटे (ती दोन हिवाळ्यांपूर्वी मी स्वतः मोजलेली आहेत) वगळली, तर चंद्र आठ अठराऐवजी नऊला उगवला. उशीर बेचाळीस मिनिटे. माझे घड्याळ बरोबर होते, कारण त्याच दिवशी चार वाजता मी ते तार ऑफिसाशी मिळवले होते. चंद्रही मुद्दाम उशीर करणार नाही. राहता राहिले पंचांग. दुसऱ्या दिवशी मी पंचांगकर्त्यांना सात पानी खरमरीत पत्र टाकले, की तुमच्या एका आकड्यापायी तेरा माणसांचे व्रत मोडले, त्यांत एक व्रत बावीस वर्षांचे, याचे उत्तर द्या. (चार वाजायला आले, तार ऑफिसात जाऊन येतो. आलो. मास्तर आज रजेवर आहेत म्हणाले. स्वतःच म्हणाले.)

सावित्री भांडली असती तर मला काही वाटले नसते. तिने दोन दिवस मला वेळेवर जेवायला वाढले आणि एक शब्द काढला नाही. गुरुवारी तुमचा सदू नारळ पोचवून परत निघाला, तेव्हा तिचे बोचके तयार होते. दशभुजाच्या पायांवर चूक घालायची आहे म्हणाली. चूक कोणाची ते म्हणाली नाही. उंबऱ्यावर क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘वेळ दिसायला लागली की कळवा.’

हे वाक्य मी सहा दिवस सर्व बाजूंनी तपासतो आहे. वेळ मला दिसतेच. घड्याळ माझे आहे. बरे, कळवा म्हणजे काय कळवा, कोणत्या रीतीने कळवा, काही खुलासा नाही. अर्ज असा लिहिला तर कारकून परत फेकील.

घरात माझे कसे चालले आहे असे तुम्ही विचाराल. झकास चालले आहे. एकदा पिठीसाखरेऐवजी तांदळाची पिठी दुधात पडली. डबे एकसारखे घ्यायचे तर त्यांवर अक्षरे मोठी नकोत का! सदऱ्याचे बटण लावायला बसलो, तर हल्लीच्या सुयांना भोकेच नीट पाडत नाहीत. बसवत नाही, भाऊ. ओटीवर बसलो की आत कोणी हाक मारल्यासारखे वाटते, आत गेलो की आत कोणी नसते. सकाळपासून घड्याळाला तीनदा किल्ली दिली. आता ती फिरत नाही.

काल शिवाच्या गणपतीच्या शाळेत मूर्ती पाहायला गेलो. आपला पाट त्याच्याकडे दिलेला आहे. मूर्ती झोकात झाली आहे, पण मी म्हटले, शिवा, डावा डोळा उजव्यापेक्षा लहान काढलास, हे आमच्या घरात चालायचे नाही. तो हातातली कुंचली खाली ठेवून म्हणाला, ‘पंत, डोळे अजून काढलेलेच नाहीत. तो मातीचा ओघळ आहे.’ शाळेत त्या वेळी सहा माणसे होती. (नंतर कळले, सात.) गणपतीला आजपासून नववा दिवस. दर वर्षी या सुमाराला घरात नारळ फुटू लागलेले असतात आणि सावित्री मला माळ्यावरून समया काढायला सांगून, त्या मी काढल्यावर, ‘या नव्हेत, त्या’ असे म्हणत असते. यंदा मी समया काढल्या. त्या याच की त्या, हे सांगणारे कोणी नाही.

तर दुसरी बाजू ही अशी. निकाल तुम्ही द्यावा, पण सावकाश द्यावा, घाई नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहे तो मोजून पाहिलेला नाही, पण कमी झाला नसावा, असे धरून चालणारा

आपला
धोंडो

ता. क. – घाई नाही असे वर लिहिले आहे, ते निकालापुरते. गणपती मात्र ठरल्या दिवशी येतो. सावित्रीला इकडे यायचे मनात आलेच (मी बोलावलेले नाही), तर जयगडच्या तरीवर सुलेमान तांडेल आपला माणूस आहे. भरती-ओहोटीच्या वेळा मी काढून सोबत जोडल्या आहेत. त्यांवर विसंबू नये. सुलेमानला विचारावे.

ता. क. दुसरा (एकादशी, बुधवार सकाळ) – काल टपाल निघून गेल्यामुळे पाकीट घरीच राहिले. आज सकाळी पंचांगकर्त्यांचे कार्ड आले. माझ्या सात पानांना दोन ओळींचे उत्तर, तेही मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांत. मी ते उजेडाकडे धरले, लांब धरले, आणखी लांब धरले. त्यापुढे हात पुरला नाही. पोस्टमन बाबल्या समोर उभा होता. कार्ड उघडे असते, त्याने ते वाटेतच वाचले होते. तो म्हणाला, ‘पंत, मी सांगू का?’ आणि सांगितले. आळीत ऐकू जाईल असे सांगितले, कारण त्याचा आवाजच तसा आहे. ‘आपण वाचलेली वेळ सोमवारची आहे. मंगळवारची तिच्या खालच्या ओळीत नऊ वाजून दोन मिनिटे अशी आहे.’

मी पंचांग घेऊन खळ्यात उन्हात गेलो (आज नेमके ऊन पडले) आणि ओळींवर बोट धरून पाहिले. खालची ओळ, नऊ-दोन. हे मान्य. पण नऊ-दोनमधून दोन वजा करा, नऊ होतात, आणि डोंगर वगळता चंद्र बरोबर नऊलाच उगवला होता. म्हणजे माझी दोन मिनिटे खरी ठरली, हे तुम्ही तुळसाकाकूंनाही पत्राने कळवावे. मी सांगितले तर त्यांना पटणार नाही. सध्या त्या मला रोज सकाळी ‘आज वार कोणता?’ असे विचारतात.

ता. क. तिसरा – हे फक्त तुम्ही वाचावे. अंगारकीच्या सकाळी सावित्री मला म्हणाली होती, ‘पंचांग जरा खळ्यात उजेडात जाऊन पाहा.’ मी म्हटले, मला शिकवू नकोस. गेल्या शिमग्याला तुम्ही तुमची जुनी चाळिशी मला देऊ केलीत, तेव्हा ‘चाळिशी म्हाताऱ्यांनी लावावी, माझी अजून उमेदीची वर्षे आहेत’ असे म्हणून मी ती परत केली. शिवाय तुमच्या नाकाविषयी काही बोललो. ते शब्द मागे घेतो. नाक चांगले आहे. ती चाळिशी अद्याप कोणाला दिली नसेल, तर सावित्रीच्या बोचक्यात घालून द्यावी. फडक्यात गुंडाळावी, तरीवर लोक विचारतात. दंडवतात दृष्टी हेही एक अंग मोजतात, हे तुम्ही जाणता. सुरुवातीला राखून ठेवलेले आठवे अंग ते हेच. आता तेही लावले.

ता. क. शेवटचा – सावित्रीने काय कळवा म्हटले होते ते वर लिहिलेच आहे. तिला वाचून दाखवा, की कळवतो: वेळ दिसत नाही. ये.

(या ओळीचे अक्षर मोठे आले आहे, ते शाईमुळे नव्हे.)